चार कोटी रसिक

कलावंताला अखेरचा न्याय देतो तो रसिक. समीक्षक येतात आणि जातात, पुरस्कार समित्या बदलतात, सरकारं तर बदलतातच. रसिकाचा कौल तेवढा टिकतो. ईश्वरी बुगडच्या पहिल्या अल्बमला हा कौल एका मंगळवारी दुपारी, सांगितलेला चहा येण्याच्या आत मिळाला. रसिक चार कोटी होते. ते सगळे बाणेरमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, कडक एसीत, लोखंडी कपाटांमध्ये ठेवलेले होते.

"शेवटपर्यंत ऐकलाय, धोटा! चार कोटींनी! शेवटपर्यंत!" ओजस दातार म्हणाला. तो घुमट रेकॉर्ड्सचा पूर्वश्रवण विभाग सांभाळायचा आणि आनंद झाला की खुर्चीतच थोडा वर उडायचा.

धोटा हे ईश्वरीचं रॅपमधलं नाव. मागावर कापड विणताना आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. इचलकरंजीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुण्यात तिला प्रत्येक मुलाखतीत समजावून सांगावं लागे. तिच्या रॅपचा ठेका मागाचा होता, भाषा इचलकरंजीची होती, आणि डाव्या कानाच्या वर वीतभर जागेत केस नव्हते. घुमटच्या स्टायलिस्टने समतोल साधण्यासाठी उजवीकडचेही काढायला लावले होते.

"तुम्हाला कसा वाटला, सर?" ईश्वरीने विचारलं.

"मला?" ओजसने फोन उघडून बघितलं. "मला फार आवडलाय. अठ्ठ्याऐंशी टक्के."

यात उद्धटपणा काही नव्हता. त्या काळात असंच उत्तर द्यायची रीत होती.

ती रीत कशी पडली, ते सांगायला हवं. माणूस फोनवर गाणं लावतो आणि कंटाळा आला की अंगठ्याने पुढे ढकलतो. तो नेमका कुठे ढकलतो, याची नोंद गाण्यांच्या कंपन्यांकडे वर्षानुवर्षं साठत होती. तिचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं, पण टाकवतही नव्हतं. पुढे मनगटावरचे पट्टे आले. त्यांतून नाडी कळायला लागली, तळव्याला घाम कोणत्या ओळीला सुटतो ते कळायला लागलं. मग कुणीतरी हे दोन्ही एकत्र केलं आणि एकेका माणसाच्या ऐकण्याचा गणिती पुतळा तयार केला. या पुतळ्याला गाणं ऐकवायचं. आपला अंगठा हलण्याआधीच तो सांगायचा, आता हलेल. आणि हलायचा. त्याचं शास्त्रीय नाव प्रतिश्रोता. लोक त्याला डमी म्हणायचे, कारण परीक्षेला आपल्या जागी दुसऱ्याला बसवायची कल्पना आपल्याकडे आधीपासून रुजलेली होती.

सुरुवातीला डमी फक्त कंपन्यांच्या उपयोगी पडल्या. बाजारात आणण्याआधी गाणं डमींना ऐकवायचं. पडलं तर कचऱ्यात, चाललं तर बाजारात. याला पूर्वश्रवण म्हणत. डमीला चार मिनिटांचं गाणं ऐकायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे, त्यामुळे चहाच्या आत निकाल. मग एका हुशार माणसाच्या लक्षात आलं, की ज्याची डमी आहे त्यालाही ती वापरू द्यायला हरकत नाही. गाणी उदंड झालेली, कुणाला वेळ नाही. तेव्हा डमीने दिवसभर ऐकावं आणि संध्याकाळी मालकाला निरोप द्यावा: 'आज तुम्ही सदतीस गाणी ऐकलीत. चार तुम्हाला आवडली. एका गाण्याला तुम्ही रडलात.' लोकांना हे इतकं सोयीचं वाटलं, की आपण पूर्वी हे सगळं स्वतः बसून कसं ऐकत होतो याचंच त्यांना नवल वाटायला लागलं.

ईश्वरीला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. चोविसाव्या वर्षी पहिला अल्बम येत होता. अल्बमचं नाव 'मान वर'. त्याच नावाचं चौथं गाणं ऐकताना चार कोटी डमींची नाडी एकदम चढली होती.

खटाक्-खट खटाक्-खट, पट्ट्यात गेली वेणी,
शंभर माग चालू, माझी हाक ऐकली कोणी?
पाठ होती तुझी हाताच्या अंतरावर, आई,
कांडीवरनं नजर तुझी हलली का नाही?
मान वर कर! मान वर कर!

शेवटचं 'मान वर कर' ती गात नव्हती, किंचाळत होती. ती किंचाळी खरी होती. फक्त रेकॉर्डिंगला अकरा-बारा वर्षं उशीर झाला होता.

शाळा सुटल्यावर ती आईला डबा द्यायला मागाच्या शेडमध्ये जायची. आई, मंगल बुगड, तिथे कांड्या भरायची. म्हणजे धोट्यात घालायचं सूत यंत्रावर गुंडाळून द्यायची. एका दुपारी ईश्वरीची वेणी मोटरच्या पट्ट्यात गेली. ती ओरडली. आई पुढ्यातच होती, पाठमोरी. आई वळली नाही. ती पुन्हा ओरडली. आई कांड्या भरत राहिली. शेवटी माग दुरुस्त करणारे रमजानमामा लांबून बघून धावत आले आणि त्यांनी सगळ्या मागांचं बटण बंद केलं. तोवर वेणी गेली होती आणि तिच्याबरोबर वीतभर कातडीही. महिन्याभरात आईने तिला सांगलीला मावशीकडे धाडून दिलं. तिथून ती पुण्याला आली. इचलकरंजीला सणापुरती जायची. एरवी रोजचा व्हिडिओ कॉल. आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "तोंड दाव आधी नीट."

आई आपल्याकडे बघायला मागते याचा ईश्वरीला दर वेळी राग यायचा. जेव्हा बघायचं होतं तेव्हा बघितलं नाही.

"एकच बारीकसं काम राहिलंय," ओजस म्हणाला. "गाण्यात जिवंत माणसाला दोष दिला असेल, तर त्याने गाणं ऐकून कॅमेऱ्यासमोर 'हरकत नाही' म्हणायचं असतं. कायदा जुना आहे, डमीची हरकत चालत नाही. पण तुझ्या आईच्या डमीला मी ऐकवून बघितलंय. काळजी नको."

"आईची डमी आहे?"

"तू त्यांना फोन आणि पट्टा दिलायस ना, आपलाच आहे तो. अगं, बाई म्हणजे रत्न आहे! सकाळपासून गाणी चालू. पाच वर्षांत एकही गाणं पुढे ढकललेलं नाही. कसलंही असो, शेवटपर्यंत. जाहिरातीसुद्धा."

"आणि 'मान वर'?"

ओजसने पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक आडवी रेघ होती. आईची नाडी. गाणं सुरू झालं, वेणी पट्ट्यात गेली, पोरगी किंचाळली, गाणं संपलं. रेघ सरळ होती.

"काहीच वाटलं नाही त्यांना," ओजस समाधानाने म्हणाला.

"तिला तेव्हाही वाटलं नव्हतं," ईश्वरी म्हणाली आणि चहा न घेता उठली. आता समोर बसवून ऐकवीन, असं तिने ठरवलं. बघू मान वर होते का.

*

इचलकरंजीला भविष्यकाळ जरा सावकाश पोचतो. पुण्यात डमी रडत होत्या तेव्हाही तिथे साधे माग खटखटत होते. मंगल बुगडची खोली शेडला लागून होती. मधली भिंत एकच. माग सुरू असले की मांडणीवरची भांडी अंग चोरून वाजत राहत.

ईश्वरी दारात आली तेव्हा आई पाठमोरी बसून मेथी निवडत होती. फळीवर फोन पूर्ण आवाजात चालू होता. कुठल्यातरी भाषेतलं लग्नातलं गाणं संपलं आणि सिमेंटची जाहिरात लागली.

"आई."

आई मेथी निवडत राहिली.

"आई!"

मेथीची एक काडी उजवीकडून डावीकडे गेली.

हीच पाठ, असाच पदर. तिने सगळा जीव गोळा केला आणि चार कोटींची नाडी चढवणारी ती किंचाळी, जशीच्या तशी, विनामूल्य, आईच्या पाठीवर सोडली.

"मान वर कर!"

रस्त्यावरची एक सायकल थांबली. आईने मेथीतलं पिवळं पान काढून टाकलं.

ईश्वरीच्या हातातली बॅग सुटून धाडकन फरशीवर पडली. आणि आई झटकन वळली.

"अगं बाई! कधी आलीस? हाक तरी मारायची!"

ईश्वरी दोन पावलं पुढे आली. मग सावकाश स्वतःच्या तोंडावर हात धरून म्हणाली, "आई, चहा टाकतेस?"

"तोंडावरचा हात काढ की. दात दुखालाय काय?"

"आई, तुला ऐकू येत नाही?"

"येतंय की."

"कधीपासून येत नाही?"

मंगलने तिच्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. चोरी पकडली गेल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मीठ संपलंय हे सांगताना असतो तसा तो होता.

"तू पोटात हुतीस तवापासनं कमी झालं. मग हळूहळू गेलंच. मागाखाली कुणाचं ऱ्हायलंय? शेजारच्या कमलचं गेलंय, रमजानचं गेलंय. मालकाचं तेवढं शाबूत हाय. ते शेडात येत न्हाईत."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? बाई बहिरी हाय म्हटल्यावर कांडीवर कोण ठेवतंय? आणि तोंड बघून समदं कळतंय मला. तू तर लई ठसठशीत बोलतीस. मीच शिकिवलंय, शेडात तोंड मोठं करून बोलाय."

समीक्षकांच्या डमींनी धोटाच्या शब्दोच्चारांचं फार कौतुक केलं होतं. त्याचं मूळ इथे होतं.

"मग तो फोन कशाला लावून ठेवतेस?"

"तू दिलायस की. बंद दिसला की कमल म्हणती, लेकीचा फोन बंद ठेवलाय. आन् ते बघ कसं नाचतंय." आवाजाच्या चढउताराबरोबर पडद्यावर हिरव्या-निळ्या पट्ट्या खालीवर होत होत्या. "कामाला सोबत हुती."

चहा झाला. इचलकरंजीत बायाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. ईश्वरी पुण्यात आठ वर्षं राहून 'करते, जाते' शिकली होती. आईच्या समोर बसल्यावर ते शिक्षण हळूहळू उतरायला लागलं. मंगलने तिच्या डोक्यावरून, गुळगुळीत झालेल्या त्या जागेवरून हात फिरवला.

"दुखतंय व्हय अजून?"

"नाही."

"सगळ्या गल्लीला सांगतो मी. माझ्या पोरीसारखी धीराची पोरगी न्हाई. एवढं केस उपटून आलं, पर तोंडातनं शब्द काढला न्हाई. पायाखालची फरशी थरथरायची थांबली, म्हणून वळून बघितलं मी. तर तू उभी. गप. डोळं एवढं एवढं. कमल म्हटली, बाप्या माणूस असता तर बोंबलला असता." ती थांबली. कपातली साय तिने बोटाने काढली. "ओरडली न्हाईस न्हवं गं?"

भांडी अंग चोरून वाजत होती. फोनवर आता कुणीतरी पावभाजी मसाल्याचं गुणगान गात होतं.

"न्हाई," ईश्वरी म्हणाली. "ओरडलो न्हाई."

"तेच की. तू हाक मारली असतीस आन् मी वळलो नसतो, तर परत कंच्या तोंडानं तुझ्याकडं बघितलं असतं? म्हणून तर सांगलीला अक्काकडं धाडली तुला. म्हटलं, माझ्या पाठीमागं काय होतंय ते मला कळत न्हाई. पोरीला इथं नको."

ईश्वरीने बशी उचलली आणि पुन्हा ठेवली. गेली कित्येक वर्षं ती ज्या रागावर उभी होती, तो पायाखालून कुणीतरी चटईसारखा गुंडाळून नेला होता आणि खाली फरशीही नव्हती.

"ते काय म्हणायचं हुतं कॅमेऱ्यात?" मंगलने विचारलं. "कालच्याला फोनवर म्हणालीस ते. हरकत न्हाई न्हवं?"

"राहू दे ते, आई."

"का? गाण्यात माझं नाव हाय म्हणालीस. दाव की गाणं. तोंड बघून लावतो मी अर्थ."

"नंतर दावतो."

"मग हे कॅमेऱ्याचं तरी घे. लुगडं बदलू का?"

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर किंचाळी सांगावी लागली असती. मंगल साडी बदलून, केसांना पाणी लावून भिंतीशी ताठ बसली. ईश्वरीने फोन धरला. निदान एवढं केलं आणि कुणाला दिलंच नाही, तर झालं, असं तिने मनात म्हटलं.

"मी मंगल बुगड. माझ्या लेकीनं माझ्यावर गाणं केलंय. माझी काय एक हरकत न्हाई. मला लई अभिमान हाय."

फोन घुमटचा होता. आपल्या उपयोगाचं काही दिसलं की तो ते आपणहून पाठवून देत असे. ही सोय चालू आहे हे ईश्वरीला माहीत होतं. तिला ते सांगलीच्या पुढे गेल्यावर आठवलं.

*

"'मान वर' काढून टाका," तिने दुसऱ्या दिवशी ओजसला सांगितलं. "गाणं खोटं आहे. आईला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

ओजसचा चेहरा खरोखर पडला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या वाढदिवसाला स्वतः जाऊन केक आणणाऱ्यांतला होता.

"अरेरे. म्हणजे पाच वर्षं ती गाणी…"

"ती पडद्यावरचे दिवे बघत होती. तुमची डमी चुकीची आहे, सर."

ओजसने विचार केला. "डमी चुकीची नाही गं. त्या पुढे ढकलत नाहीत, त्यांची नाडी हलत नाही, हे सगळं बरोबरच आहे. कारण तेवढं डमीला माहीत नाही. पण कारण आम्ही कुणालाच विचारत नाही."

"गाणं काढा."

"बघू या ना. मी काय नाही म्हणतोय?"

त्याने चौथं गाणं काढून अल्बम तळमजल्यावर पाठवला. उत्तर लगेच आलं: पाचव्या गाण्यापाशी अर्ध्याहून जास्त डमी उठून गेल्या होत्या.

"बदलून देते मग," ईश्वरी म्हणाली. "खरं लिहून देते."

तिने तिथेच, उभ्या उभ्या, कडवं बदलून रेकॉर्ड केलं. इतकं चांगलं तिने आधी काही लिहिलं नव्हतं आणि हे म्हणताना तिला ते कळत होतं.

तुझे गेले कान, आई, माझे गेले केस,
मागाला काय कळतंय, कोण माय कोण लेक?
पाठमोऱ्या बाईला मी दिल्या किती शिव्या,
पाय लावून भुईला ती ऐकत होती, बया!

ओजसने पाठवलं. परत आलेला आकडा त्याने दोनदा वाचला.

"'कान' या शब्दाला अंगठा हलतो," तो म्हणाला. "तिसऱ्याच शब्दाला. आई बहिरी आहे असं कळलं की लोकांना वाटतं, आता आपल्याला वाईट वाटून घ्यावं लागणार. आई दुष्ट असली की बरं असतं. प्रत्येकाला आपली आठवते."

"पण हे खरं आहे."

"असेल ना. पण ऐकवत नाही."

"तुम्ही ऐका ना एकदा. तुम्ही स्वतः. इथे बसून."

ओजसने फोन बघितला. "ऐकलं मी. एकोणीस टक्के."

करारात गाण्यांची निवड कंपनीची होती. आईची हरकत नव्हती आणि तिचं रेकॉर्डिंग कंपनीकडे होतं. त्यात बाईने केसांना पाणी लावलेलं होतं. ईश्वरी रडली, तेव्हा ओजसने दार लावून घेतलं आणि पाण्याची बाटली उघडून दिली. मग ती डोळे पुसून व्यवहाराचं बोलली. गाणं राहू दे. पण व्हिडिओत आपले ओठ दिसता कामा नयेत.

"का?"

"आई ओठ वाचते."

ओजसला हे पटलं. पुण्यातल्या मुली उन्हात स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ, डोळ्यांखाली सगळं झाकेल असा, बांधायचं ठरलं. मग त्याला आठवलं, की कर्णबधिरांच्या हक्कांसाठी नुकताच कायदा झालाय आणि प्रत्येक व्हिडिओखाली शब्द लिहून येणं सक्तीचं आहे. मंगलला सावकाश का होईना, वाचता येत होतं.

"मग?" ईश्वरीने विचारलं.

"इंग्रजीत देऊ," ओजस म्हणाला. "शब्द यायला हवेत एवढंच कायद्यात आहे. कळायला हवेत असं नाही."

कर्णबधिरांच्या हक्कांचा कायदा अशा रीतीने पूर्णपणे पाळला गेला.

स्कार्फ बांधलेला व्हिडिओ डमींना दाखवला आणि ओजस खुर्चीतून इतका उडाला, की खुर्ची मागे सरकली. नाडी आणखी चढली होती. समीक्षकांच्या डमींनी लिहून टाकलं, की तोंड बांधून किंचाळणारी ही मुलगी म्हणजे शतकानुशतकं दाबलेल्या स्त्रीच्या आवाजाचं प्रतीक आहे आणि असं धाडस पूर्वी कुणी केलं नव्हतं. ईश्वरीने ते वाचलं. आपण प्रतीक आहोत हे कळल्यावर माणसाला जे वाटतं, ते तिला वाटलं नाही.

*

अल्बम शुक्रवारी आला आणि रविवारपर्यंत त्याने सगळे विक्रम मोडले. ईश्वरीने त्या तीन दिवसांत एकच काम केलं: भीत बसणं.

मंगलला ऐकू येणार नव्हतं, ओठ दिसणार नव्हते, इंग्रजी कळणार नव्हतं. पण गल्लीत चांगल्या कानाची माणसंही होती. किराणावाला, पतपेढीतली मुलगी, शाळेची पोरं. त्यांतलं कुणीतरी गाणं ऐकणार, आणि एक दिवस नळावर मंगलसमोर उभं राहून, तोंड मोठं करून, अगदी कळवळ्याने विचारणार: 'मंगलमावशी, पोरगी ओरडत हुती तवा वळला का न्हाई वं?' या वाक्याची ईश्वरी रोज वाट बघत होती. आईचा चेहरा त्या क्षणी कसा होईल, हे तिला दिसायला लागलं होतं. पुढचं काही लिहायला बसलं की तोच चेहरा यायचा. मागाचा ठेकाही हाताशी राहिला नव्हता. तो वाजायला लागला की तिला शेडमधल्या बायांचे हलणारे ओठ दिसत आणि त्यांतला एकही शब्द ऐकू येत नसे.

सोमवारी तिने कॉल लावला.

"तोंड दाव आधी नीट," मंगल म्हणाली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. "बघितलं गं तुझं गाणं! तोंड का बांधलंयस? काय कळंना मला."

"थंडी होती, आई."

"एवढ्या उन्हात?" पण ती खुशीत होती. "चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. तोंड बांधलेला. दुकानदार बी म्हणालाय, लई भारी गाणं."

ईश्वरीने फोन तोंडासमोर नीट धरला. "त्याने ऐकलं?"

"ऐकलं की. त्याच्या फोननं ऐकलं. निरोप आलाय त्याला, आवडलं म्हणून. पतपेढीतल्या पोरीला बी आलाय. ती तर रडली म्हणं."

"कोण म्हणालं रडली?"

"तिचा फोन."

ईश्वरीने कॉल संपवला आणि बाणेरला गेली. ओजसच्या टेबलावर पेढे होते. अल्बमला वर्षातला सर्वोत्तम पदार्पणाचा पुरस्कार जाहीर झाला होता. समितीच्या डमींचं एकमत होतं.

"सर, माणसांनी किती ऐकला?"

"तेच तर सांगतोय, चार कोटींच्या वर…"

"माणसांनी. कानांनी."

ओजसने हातातला पेढा खाली ठेवला. हा प्रश्न त्याला नोकरी लागल्यापासून कुणी विचारला नव्हता, आणि पडद्यावर त्याचा रकानाही नव्हता. त्याने तळमजल्यावर फोन केला. तिथल्या माणसाला आधी प्रश्न कळला नाही. मग त्याने जुनी नोंद शोधायला वेळ मागितला. चहा आला. चहा गार झाला.

मग उत्तर आलं. अल्बम लोकांसाठी खुला झाल्यापासून तो प्रत्यक्ष आवाजात, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, एकाच फोनवर वाजला होता. तो फोन इचलकरंजीत होता. रोज सकाळी सुरू व्हायचा आणि बॅटरी संपेपर्यंत बंद होत नसे.